नाव नसलेले दुखणे

गेल्या वर्षी मे महिन्यातील एका रविवारी, दुसऱ्या मिस्सेत अर्पणविधी चालू असताना, आम्ही वेदीजवळ कोसळलो. हे वाक्य आम्ही इतरांच्या भरवशावर लिहीत आहोत. आमच्या स्मरणात आहे ते इतकेच की, भाकर व द्राक्षारस घेऊन दोन मुले मधल्या वाटेने पुढे येत होती. त्यानंतर आठवतो तो सॅक्रिस्टीतील पंखा आणि आमच्यावर वाकलेले चारपाच चेहरे. मधला काळ आमच्या वाट्याला आलाच नाही.

त्या मधल्या काळाचे साक्षीदार मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांचे एकमत नाही. वेदीसेवक मुलगा सांगतो की फादरांचे हात थरथरत होते. पहिल्या बाकावरच्या आजी सांगतात की सारे अंग ताठ झाले, डोळे पांढरे झाले आणि हे पाव तास चालले. पेटी वाजविणारे गृहस्थ निवृत्त रेल्वे गार्ड आहेत. सवयीने त्यांनी घड्याळ पाहिले होते. ते म्हणतात, दीड मिनिट. एका भगिनीने आमच्या नाकाशी चामड्याची चप्पल धरली, दुसरीने धावत जाऊन कांदा आणला, तिसऱ्या कोणी किल्ल्यांचा जुडगा हातात कोंबला. हे सर्व प्रेमापोटीच झाले. त्या दिवशी मिस्सा अपुरी राहिली. लोकांनी जपमाळ म्हटली आणि ते खाली मान घालून घरी गेले.

आमच्या ह्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा पहिले नाव सहज मिळाले: ऊन लागले. आम्हांलाही ते सोयीचे वाटले. दोन दिवस कैरीचे पन्हे पिऊन पडून राहिलो आणि विषय संपला असे समजलो. पुढे जुलैमध्ये, बाहेर पाऊस पडत असताना, रात्री जेवता जेवता तोच प्रकार पुन्हा घडला आणि उन्हाची सबब संपली. आजवर असे पाच वेळा झाले आहे. जळगावला तपासण्या झाल्या, धुळ्याला झाल्या, मुंबईचीही एक खेप झाली. हृदयाचा आलेख, मेंदूचा आलेख, एमआरआय, रक्तातील साखर व क्षार, सर्व निर्दोष. एका डॉक्टरांनी अपस्मार गृहीत धरून गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्यांनी सांगितले की तसे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, तरी चालू केलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. तिसऱ्यांनी सारी कागदपत्रे शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हटले, "फादर, मला अजून ठाऊक नाही. पण पुन्हा या, आपण शोधू."

आमच्या प्रकृतीची कैफियत मांडण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्या अनुभवातून एक नैतिक प्रश्न उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच हेतू आहे. ज्या दुखण्याला नाव नाही त्याविषयी आपले कर्तव्य काय? नाव मिळेपर्यंत त्या माणसावर विश्वास ठेवण्यास आपण बांधील आहोत काय? आणि ज्याला नाव मिळालेले नाही त्याने स्वतः ह्या मधल्या काळात कसे जगावे?

नावांची घाई

दुखण्याला नाव नाही असे कळताच लोक नावे पुरवू लागतात. खेड्यापाड्यांतून फेफरे, मिरगी, फीट, झटके असे शब्द आहेत, आणि ते पुरेनासे झाले की 'बाहेरचे आहे' हा शब्द आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भगताला बोलावतात. आमच्या ख्रिस्ती घरांतून भगताचे नाव काढत नाहीत. पण एका सज्जन कुटुंबाने आम्हांला मोठ्या संकोचाने सुचविले की, धर्मगुरूंच्या निवासाला एकदा दुसऱ्या धर्मगुरूंकडून आशीर्वाद द्यावा. सुशिक्षितांनी 'ताण' हे नाव दिले. भाविकांनी 'देवाची परीक्षा' म्हटले. एकाने कानाशी येऊन विचारले की, फादर, पूर्वीचे काही मनात राहिले आहे का? म्हणजे पाप, हे त्यांना म्हणायचे होते.

ह्यांपैकी कोणीही दुष्ट नव्हते. परंतु आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. नाव देणाऱ्याला नाव दिल्यावर बरे वाटते. ज्याला नाव दिले जाते त्याला वाटतेच असे नाही. एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही ही अवस्था मनुष्याला फार काळ सोसवत नाही. ती संपविण्यासाठी हाताशी येईल ते नाव तो चिकटवून टाकतो.

ह्या बाबतीत आमच्याच खानदेशातील एका संस्थेची आठवण होते. अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथे अभ्यास करणाऱ्या मलकानी, दास आणि मूर्ती ह्या तीन विद्वानांनी १९३३ साली 'अज्ञान' ह्याच नावाचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यांचा विषय वेदान्तातील अज्ञान, आमचा विषय त्याहून पुष्कळ साधा. तरीही वेदान्तातील एक जुना विचार येथे उपयोगी पडतो. अज्ञान म्हणजे रिकामी जागा नव्हे. त्याच्या दोन शक्ती आहेत, आवरण आणि विक्षेप. पहिली वस्तू झाकते, दुसरी तिच्या जागी भलतेच काही उभे करते. अंधारात दोरी दिसत नाही, इथवर फारसे बिघडलेले नसते. तिच्या जागी साप दिसू लागतो आणि लोक काठ्या घेऊन धावतात, तेव्हा खरा अनर्थ होतो. नाव नसलेल्या दुखण्याचे असेच होते. ते कळत नाही यात कोणाचाच दोष नाही. न कळण्याच्या जागी जो साप आपण उभा करतो, त्याची जबाबदारी मात्र आपली.

आमचा एक जुना अपराध

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवीत आहोत असे कोणी समजू नये. सुमारे १० वर्षांपूर्वी आम्ही धुळे जिल्ह्यातील एका धर्मग्रामात होतो. तेथील एका कुटुंबातील मुलगी डी.एड. करीत होती. तिला असेच झटके येऊ लागले. आईवडील एका संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत तपासण्यांची कागदपत्रे घेऊन आमच्याकडे आले. अहवाल निर्दोष होते. आम्ही ते उलटून पाहिले, जणू आम्हांला त्यातले काही कळत होते, आणि म्हणालो, "अहवालात काही नाही, म्हणजे आजार नाही. हे मनाचे आहे. तिने मन घट्ट करावे, जपमाळ म्हणावी."

धर्मगुरूचा शब्द आमच्या लोकांत जड असतो. त्या घरात आमच्या शब्दाचा अर्थ असा लावला गेला की, मुलगी ढोंग करते. तिचे शिक्षण दीड वर्ष थांबले. जमत आलेली एक सोयरीक मोडली. पुढे झटका येणार असे वाटले की ती कोणाला न सांगता मागच्या खोलीत जाऊन बसू लागली. असाच एकदा चुलीपाशी तोल गेला आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ह्यातले काही आम्हांला ठाऊक नव्हते, कारण आम्ही पुन्हा विचारलेच नाही. मग आमची बदली झाली.

तिसऱ्यांदा कोसळल्यानंतर आम्ही एसटीने धुळ्याकडे गेलो आणि त्यांचे दार ठोठावले. ती आता शिक्षिका आहे. तिने चहा केला आणि सारे सांगितले. पहिल्या झटक्यानंतर ६ वर्षांनी मुंबईत तिची दीर्घ तपासणी झाली. तीत मेंदूचा आलेख आणि रुग्णाचे चित्रण दोन्ही एकाच वेळी चालू ठेवतात. झटका चालू असताना आलेखात अपस्माराची खूण आली नाही. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले की हा अपस्मार नव्हे आणि हे ढोंगही नव्हे. हा खरा आजार आहे, त्याला वेगळे नाव आहे व वेगळे उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांशी नियमित बोलणे, झटक्याची पूर्वसूचना ओळखायला शिकणे, अशा उपचारांनी झटके कमी कमी होत गेले. आता महिनोन्‌महिने येत नाहीत.

आम्ही क्षमा मागितली. तिने थोडा वेळ कपाकडे पाहिले आणि म्हणाली, "फादर, तुम्ही 'मनाचे आहे' म्हणालात, ते अगदीच चूक नव्हते. त्यानंतर तुम्ही काही विचारले नाही, ते चूक होते."

ह्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. आमचा तर्क खऱ्याच्या जवळपास होता आणि तरीही आमचे वागणे खोटे होते. कारण तो शब्द आम्ही चौकशी पुढे नेण्यासाठी उच्चारला नव्हता, ती बंद करण्यासाठी उच्चारला होता. निघताना तिने एक शंभर पानी वही दाखविली. तीत ६ वर्षांचे झटके तारीखवार लिहिलेले होते: किती वाजता, त्याआधी काय खाल्ले, झोप किती झाली होती, किती मिनिटे चालले, नंतर काय वाटले, जवळ कोण होते. ती म्हणाली, "नाव मिळेपर्यंत तारीख तरी लिहायची, फादर." परतीच्या वाटेवर बसस्थानकावरच आम्ही तशी एक वही विकत घेतली.

निदान इतके अवघड का?

अचानक शुद्ध हरपून शरीराला झटके येणे ही एकच घटना निदान तीन निरनिराळ्या वाटांनी घडू शकते, हे आम्हांला ह्या खटपटीत कळले. पहिली वाट अपस्माराची. तीत मेंदूतील पेशींचा विद्युत्‌प्रवाह एकाएकी बेबंद होतो. दुसरी वाट मूर्च्छेची. रक्तदाब खाली गेला किंवा हृदयाची लय बिघडली म्हणजे मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. त्यातही हातपाय थरथरू शकतात आणि पाहणाऱ्याला फीटच वाटते. हृदयाच्या लयीतील बिघाड वेळीच न सापडल्यास तो जिवावर बेतू शकतो. तिसरी वाट त्या शिक्षिकेच्या वाट्याला आली ती. तीत मेंदूची रचना शाबूत असते, विद्युत्‌वादळही नसते, परंतु मेंदूच्या कार्याचा मेळ काही काळ सुटतो. रुग्ण हे मुद्दाम करीत नाही आणि इच्छा केली म्हणून थांबवूही शकत नाही. काही जणांना पहिली आणि तिसरी वाट दोन्ही असतात.

बर्लिनपासून दूर येना येथील हान्स बेर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा पहिला विद्युत्‌आलेख घेतला व १९२९ साली तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे शास्त्र फार पुढे गेले. तरी झटका नसताना घेतलेला अर्ध्या तासाचा आलेख अपस्माराच्या कित्येक रुग्णांतही निर्दोष येतो, आणि क्वचित निरोगी माणसाचा आलेख सदोष दिसतो. म्हणून यंत्राइतकेच महत्त्व पाहणाऱ्याच्या साक्षीला असते. जर्मनीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिसऱ्या वाटेच्या रुग्णांना योग्य निदान मिळण्यास सरासरी सात वर्षांहून अधिक काळ लागल्याचे दिसले. जेथे साधने विपुल आहेत तेथे ही स्थिती. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालचे, जळगावचे तर २०१८ सालचे. चित्रणासह होणारी दीर्घ तपासणी करायची तर आमच्या लोकांना बहुधा मोठे शहर गाठावे लागते; म्हणजे रोज बुडतो, गाडीभाडे होते आणि नातेवाइकांच्या घरी चार दिवस राहण्याचा संकोच सोसावा लागतो.

आमच्या डॉक्टरांनी सांगितले की पुढच्या वेळी कोणीतरी मोबाईलवर चित्रण करावे. आमच्या युवकांना ते पटेना. पडलेल्या धर्मगुरूचे चित्र काढायचे कसे? चौथ्या वेळी एका युवकाच्या हातात मोबाईल होता, तो त्याने खाली टाकला आणि आमचे डोके मांडीवर घेतले. पाचव्या वेळी त्याने एका हाताने डोके सावरले व दुसऱ्या हाताने चित्रण केले. ते पाहणे आम्हांला जड गेले. पण डॉक्टरांनी ते तीनदा पाहिले आणि म्हणाले की अजून नाव सांगता येत नाही, तरी कालच्यापेक्षा आज अधिक कळले. त्या युवकाने ते चित्रण आमच्याशिवाय आणि डॉक्टरांशिवाय कोणालाही दाखविलेले नाही. साक्ष देणे आणि चव्हाट्यावर मांडणे ह्यांतला फरक त्याला कोणी शिकविला नव्हता. तो त्याला ठाऊक होता.

चर्च, कायदा आणि एक चुकीचे नाव

नावाने माणसाचे किती नुकसान होऊ शकते हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९१७ सालच्या कॅनन कायद्यात ९८४ क्रमांकाच्या कलमान्वये अपस्मारी, वेडे आणि भूतबाधा झालेले अशा तिघांनाही, पूर्वी कधी तसा त्रास झालेला असला तरी, गुरुदीक्षेस अपात्र मानले होते. तीन अगदी भिन्न अवस्था एकाच ओळीत बसविल्या होत्या. १९८३ च्या नव्या कायद्याने अपस्माराचा उल्लेखच काढून टाकला. देशाच्या कायद्यातही असेच घडले. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा ह्या दोहोंत अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहातील अडथळा ठरविला गेला. १९९९ साली तो शब्द दोन्ही कायद्यांतून वगळण्यात आला. कागदावरून शब्द गेला. सोयरीक जुळविताना आपल्या घरांतून तो अजून गेलेला नाही.

ह्याउलट एक शहाणपणाचे उदाहरण चर्चच्याच इतिहासात आहे. जोव्हान्नी मास्ताई-फेरेत्ती ह्या इटालियन युवकाला अपस्माराचे झटके येत. १८१९ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली ती एका अटीवर: मिस्सा अर्पण करताना दुसरा धर्मगुरू सोबत असावा. हाच युवक पुढे पोप पायस नववे झाला, १८४६ ते १८७८ इतका दीर्घ काळ त्याने ते पद सांभाळले आणि २००० साली त्याची धन्य म्हणून घोषणा झाली. ती अट आम्हांला फार मोलाची वाटते. त्याला वेदीपासून दूर ठेवले नाही, आणि वेदीवर एकटेही सोडले नाही.

खरा धोका असेल तेथे नियम पाळावेतच. वाहनपरवान्याच्या अर्जासोबतच्या स्वघोषणापत्रात विचारलेले असते की, अपस्मार आहे काय किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते काय? कोणत्याही कारणाने, हे शब्द लक्षात घ्यावेत. रस्त्याला आजाराचे नाव लागत नाही. आम्ही मोटारसायकल सोडली आहे. उपकेंद्रांना आता युवक आळीपाळीने मागे बसवून नेतात. सुरुवातीला ह्याचा मनस्वी कमीपणा वाटला. आता त्या वाटेवरच्या गप्पांतून आमच्या युवकांविषयी जे कळते ते वीस वर्षांच्या प्रवचनांतून कळले नव्हते.

प्रश्न आणि गूढ

सेमिनरीत असताना आम्ही गाब्रिएल मार्सेल ह्या फ्रेंच कॅथलिक तत्त्वचिंतकाचा (१८८९–१९७३) एक भेद शिकलो होतो. प्रश्न वेगळा आणि गूढ वेगळे. प्रश्न आपल्या समोर असतो. तो बाजूने पाहता येतो, सोडविता येतो. गूढात आपण स्वतःच गुंतलेले असतो. ते सोडवून बाजूला ठेवता येत नाही, त्याच्यासह जगावे लागते. परीक्षेपुरते हे आम्ही पाठ केले होते. आता तिसाहून अधिक वर्षांनी त्याचा अर्थ लागतो आहे.

आपण भाविक माणसे येथे एक उलटसुलट करतो. न कळलेल्या आजाराला आपण गूढ म्हणतो आणि हात जोडून थांबतो. देवाची इच्छा, देवाची परीक्षा, असे म्हटले की पुढची तपासणी, पुढचा खर्च, पुढची खेप, सारे टळते. आणि ज्याला तो आजार आहे त्या माणसाला मात्र आपण प्रश्नासारखे वागवतो: हिचे असे का होते, हिने काय केले असेल, हिचे लग्न कसे व्हायचे? वास्तविक आजार हा प्रश्न आहे. त्याचा पाठपुरावा करावा, उत्तर आज न मिळाले तर उद्या पुन्हा विचारावे. माणूस हे गूढ आहे. त्याच्याजवळ बसावे, त्याचे म्हणणे ऐकावे, त्याचा निकाल लावू नये. ज्या दिवशी आम्ही त्या मुलीला 'मनाचे आहे' म्हणालो, त्या दिवशी आम्ही तिच्या आजाराची चौकशी थांबविली आणि तिचा निकाल लावला. दोन्ही चुका एका वाक्यात झाल्या.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत आपल्याहून फार सावध आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाचे कारण सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले आणि सारे बिघडले. जन्मांध माणसाला पाहून कोणाच्या पापाचे हे फळ, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच नाकारला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील मुलगा पडतो, ताठ होतो, त्याच्या तोंडाला फेस येतो. तेथे एक बारीकसा तपशील आहे, तो आम्ही इतकी वर्षे वाचूनही पाहिला नव्हता. मुलाला बरे करण्यापूर्वी प्रभू त्याच्या पित्याला विचारतो की, हे केव्हापासून होते आहे? जो सर्व जाणतो तो थांबून विचारतो, आणि बाप सांगेपर्यंत ऐकतो. त्या बापाच्या उत्तरात विश्वास आणि अविश्वास शेजारी शेजारी उभे आहेत. प्रभू त्याला त्यावरून परत पाठवीत नाही.

आणि संत पौल. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने आपल्या शरीरातील काट्याविषयी लिहिले आहे. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनविले. तो दूर झाला नाही. तो काटा कोणता? कोणी डोळ्यांचा विकार म्हटले, कोणी हिवताप, कोणी अपस्मार. जवळजवळ दोन हजार वर्षे भाष्यकार नाव शोधीत आहेत. पौलाने ते दिलेलेच नाही. ते ठाऊक नव्हते की सांगावेसे वाटले नाही, कोण जाणे. पण नावावाचून तो लिहीत राहिला, प्रवास करीत राहिला, आणि त्याच्या मंडळींनी त्याच्याकडे वैद्याचा दाखला मागितल्याचे कोठे वाचनात येत नाही.

मग काय करावे?

तत्त्वचर्चा येथे थांबवून काही साध्या गोष्टी सांगतो. डॉक्टरांनी त्या आम्हांला सांगितल्या आणि आम्ही त्या चर्चच्या दारावर लावल्या आहेत. कोणी असे पडले तर आजूबाजूच्या टोकदार व कठीण वस्तू दूर कराव्या, गळ्याशी कपडे सैल करावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, झटके ओसरले की कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल व किल्ली ह्यांचा काही उपयोग नाही. झटका ५ मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला, श्वास नीट येत नसेल किंवा हा पहिलाच झटका असेल, तर १०८ ला बोलवावे. शुद्धीवर येणाऱ्या माणसाभोवती गर्दी करू नये. आपल्या माणसाने नाव घेऊन हळू बोलावे. भाजीपाला स्वच्छ धुवावा आणि हात धुवावेत, कारण पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे हे आपल्या देशात झटक्यांचे एक मोठे कारण आहे, आणि जे डुकराचे मांस खात नाहीत त्यांनाही ते होऊ शकते.

प्रार्थना सोडावी असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. आजाऱ्यांचा अभ्यंग हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही. १९७२ सालच्या नव्या विधीने हे स्पष्ट केले आहे. ह्या संस्कारासाठी आजाराचे नेमके नाव ठाऊक असावे अशी अट नाही. आम्ही स्वतः तो शेजारच्या धर्मगुरूंकडून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तपासणीला गेलो. ह्या दोहोंत आम्हांला विरोध दिसला नाही. मात्र प्रार्थनेच्या नावाने कोणाच्या गोळ्या बंद करविणे, भूत काढण्याच्या मिषाने कोणाला मारहाण करणे, हे पाप तर आहेच, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे हा गुन्हाही आहे.

आणि ज्यांना आमच्यासारखे नाव नसलेले दुखणे आहे, त्यांना काय सांगावे? वही ठेवा. लपवू नका, मागच्या खोलीत जाऊन बसू नका. अहवाल निर्दोष आला तर वाईट वाटते, आणि वाईट वाटले म्हणून स्वतःची लाज वाटते. ही अवस्था आम्ही ओळखतो. निर्दोष अहवाल तुम्हांला खोटे ठरवीत नाही. तो एवढेच सांगतो की येथे सापडले नाही. आणि शेवटी जे नाव मिळेल ते मनाविरुद्ध असले तरी, ते मेंदूचे असो, हृदयाचे असो वा मनाचे असो, त्यात कमीपणा मानू नका.

सध्या आमच्या धर्मग्रामात अशी व्यवस्था आहे. मिस्सेच्या वेळी वेदीच्या डाव्या बाजूस एक खुर्ची ठेवलेली असते. तिच्यावर ते निवृत्त गार्ड बसतात. पेटी आता त्यांची नात वाजविते. गुडघ्यावर घड्याळ ठेवून ते सारी मिस्सा लक्षपूर्वक ऐकतात. पहिल्या रविवारी लोकांच्या नजरा त्या खुर्चीकडे जात होत्या. आता जात नाहीत. पहिल्या बाकावरच्या आजींनी मात्र परवा दाराशी थांबवून विचारले, "फादर, कळले का काही?" आम्ही म्हणालो, "नाही आजी, पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे." त्यांनी मान हलविली आणि म्हणाल्या, "बरं. मग आल्यावर सांगा."

त्यांनी नाव दिले नाही, आणि विचारणे सोडलेही नाही. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दोन वाक्यांत मिळाले असे वाटते.